सपाट तळवे आणि तोल यांसाठीचा बारा आठवड्यांचा व्यायामवर्ग: सोलापुरातील एका फिजिओथेरपी केंद्राचे परीक्षण

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सात रस्ता परिसरातील एका फिजिओथेरपी केंद्रात बारा आठवड्यांचा व्यायामवर्ग पूर्ण केला. वजन जास्त, तळवे सपाट आणि चालता-धावताना वारंवार तोल जातो अशा बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी हा वर्ग चालतो. तुकडी सहाच मुलांची असते. केंद्राचे नाव लिहिले तर ही सहा मुले आपापल्या शाळेत सहज ओळखू येतील, म्हणून नाव देत नाही. मुलीचे वजनही लिहीत नाही, कारण तिने तशी अट घातली आहे आणि मला ती मान्य आहे. बाकी जे पाहिले आणि वहीत नोंदवले ते सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही केंद्राची पायरी चढताना पालकांना काय विचारायचे ते ठरवता येईल.

त्रास लक्षात आला तो जानेवारीत. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत आम्ही जेमतेम पाऊण तास फिरलो असू, तेवढ्यात ती घोट्याची आतली बाजू दाबत एका खेळण्यांच्या दुकानासमोर खाली बसली. त्याआधीच्या खुणा आम्ही पाहिल्या होत्या, पण त्यांची सांगड घातली नव्हती. शाळेचे काळे बूट दर तीन-चार महिन्यांनी आतल्या बाजूला कलंडत. खो-खो खेळताना खांबाला वळसा घालायची वेळ आली की ती हमखास पडे, आणि पुढे पुढे खेळाच्या तासाला काही ना काही कारण काढून वर्गातच बसू लागली. सासूबाईंचे म्हणणे होते, “आमच्यात सगळ्यांचेच तळवे असे, त्यात काय एवढं?” ते अर्धे खरे आहे, सपाट तळवे पुष्कळदा घराण्यातून येतात. नात्यातल्या इतरांनी एकच सांगितले, वजन कमी करा, पाय आपोआप सुधारेल. ज्या मुलीचा पाय पाऊण तासात दुखू लागतो तिने वजन कमी करण्यासाठी चालायचे कसे, याचे उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते.

फेब्रुवारीत आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. तेथे तिला काचेच्या यंत्रावर उभे करून तळव्यांचे लाल-पिवळे चित्र पडद्यावर दाखवले आणि बुटात घालायचे अठ्ठावीसशे रुपयांचे कडक इनसोल हाती दिले. सहा महिन्यांत तळव्याला कमान तयार होईल, असे छातीठोकपणे सांगितले. पाय कोणी हातात घेतला नाही, घोटा वाकवून पाहिला नाही, दुखते कुठे हेही विचारले नाही. दहाव्या दिवशी तळव्याच्या मध्यभागी फोड आला आणि इनसोल कपाटात गेले. इनसोल हे वाईट साधन आहे असे मी म्हणणार नाही. दुखऱ्या पायाला त्याचा आधार मिळतो आणि कित्येकांचे दुखणे त्याने हलके होते. पण तो आधार बूट पायात असेपर्यंतचा. त्याने कायमची कमान घडत नाही, हे विकताना सांगायला हवे होते. पैसे परत मिळाले नाहीत, त्यापेक्षा मला याचे अधिक वाईट वाटते की पाय सुधारतो या गोष्टीवरचा मुलीचा विश्वास तेथे उडाला. जूनमध्ये या केंद्रात यायला ती तयार नव्हती.

पहिली भेट सत्तर मिनिटांची होती. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पाय पाहण्याआधी तिचे बूट मागितले, उलटे करून उजेडात धरले आणि टाचेची आतली कड किती झिजली आहे ते तिलाच बोट फिरवून पाहायला लावले. मग पाणी लावलेला तळवा तपकिरी कागदावर उमटवला. घरी शहाबादी फरशीवर अंघोळीनंतरचे तिचे ओले ठसे मी कितीदा पाहिले असतील. आत कमरेसारखी खोली नसलेला, अख्खा विटेसारखा ठसा. तोच कागदावर आला. मी लगेच “बघा, किती सपाट आहे” म्हणाले. त्यावर मॅडमनी सांगितले की वजन जास्त असलेल्या मुलांच्या तळव्याखाली चरबीची गादीही जाड असते, त्यामुळे ठसा पाहून हाडांची ठेवण नेमकी कळत नाही. ठसा हा नुसता सुरुवातीचा कागद आहे.

त्यानंतरच्या तपासण्या मला या केंद्राची खरी बाजू वाटतात. तिला पाठमोरे उभे करून टाचा बाहेरच्या बाजूला किती झुकतात आणि मागून पाहताना करंगळीकडची किती बोटे दिसतात ते पाहिले. मग तिला चवड्यांवर उभे राहायला सांगितले. टाचा उचलल्याबरोबर त्या आत वळल्या आणि तळव्याखाली चक्क कमान दिसू लागली. ती कमान पाहून मुलीचा चेहरा बदलला. आपल्या पायाला कमान आहे हेच तिला ठाऊक नव्हते. पुढे ती सपाट उभी असताना मॅडमनी तिचा अंगठा हाताने वर उचलला, तशी पुन्हा कमान वर आली. तळव्याखालून टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा जातो. अंगठा वर वळला की तो पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ओढला जातो आणि कमान उचलली जाते. पायाची ही रचना हिक्स या संशोधकाने १९५४ मध्ये मांडली. ज्या पायात या दोन्ही वेळी कमान दिसते तो लवचीक सपाट पाय. ज्यात ती दिसतच नाही तो ताठर, आणि त्यामागे पायातली दोन हाडे जन्मतः जोडलेली असणे यांसारखी कारणे असू शकतात, ज्यांचे दुखणे बहुधा याच वयात डोके वर काढते. तसा पाय असेल तर हे केंद्र वर्गात घेत नाही, आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवते.

एक तपासणी जवळून पाहण्यासारखी होती. घोट्याच्या पुढे, पायाच्या आतल्या बाजूला, होडीच्या आकाराचे एक हाड हाताला लागते. त्याला नाव्हिक्युलर म्हणतात. ती खुर्चीवर बसलेली असताना मॅडमनी त्या हाडाच्या टोकावर पेनाने ठिपका काढला, शेजारी एक कोरे कार्ड उभे धरले आणि ठिपक्याच्या उंचीवर रेघ मारली. मग तिला उभे राहायला सांगितले. ठिपका खाली सरकला, तेथे दुसरी रेघ. दोन रेघांमधले अंतर उजव्या पायाचे १३ मिलिमीटर, डाव्याचे १४. साधारण १० मिलिमीटरच्या वर गेले की कमान जास्त खचते असे धरतात. त्या दोन रेघांचे कार्ड मुलीने आपल्या कंपासपेटीत ठेवले आहे. भिंतीसमोर गुडघा टेकवून, टाच न उचलता, अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो हेही मोजले. उजवा पाच सेंटिमीटर, डावा चार. पोटरी इतकी आखडलेली असली की घोटा पुरेसा वाकत नाही, आणि ती उणीव पाऊल मधोमध खचून भरून काढते. म्हणजे आमची अर्धी अडचण तळव्यात नव्हतीच, पोटरीत होती.

तोल मोजण्याची पद्धतही साधी होती. डोळे उघडे ठेवून एका पायावर उजवीकडे ११ सेकंद, डावीकडे ६. एका पायावर टाच किती वेळा पूर्ण उचलता येते, तर उजवीकडे पाच वेळा, डावीकडे दोनच. जमिनीवर पट्ट्या चिकटवून केलेल्या तीन फाट्यांच्या मध्यावर एका पायाने उभे राहून दुसरा पाय पुढे आणि मागे दोन्ही तिरप्या दिशांना किती लांब पोहोचतो, हेही नोंदवले. शेवटी मॅडमनी मांडी, जांघ किंवा गुडघा दुखतो का, लंगडल्यासारखे होते का, हे दोन-तीनदा खोदून विचारले. वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या थरापाशी सरकण्याचा धोका असतो आणि त्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. तशी शंका असेल तर व्यायाम नाही, त्याच दिवशी एक्स-रे. हे ज्या केंद्रात विचारत नाहीत तेथे या वयाच्या मुलाला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तपासणी झाल्यावर त्यांनी काय होईल आणि काय होणार नाही, हे दोन्ही सांगितले. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात आणि कमान पहिल्या दहा वर्षांत हळूहळू दिसू लागते. काहींची तशीच सपाट राहते आणि त्यांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. न दुखणाऱ्या लवचीक सपाट पायाला उपचाराची गरजच नसते. “ताई, हिचा पाय दुखतो आणि ही पडते, म्हणून आपण काम करायचं. ठसा बदलेल असं मी सांगणार नाही,” हे त्यांचे वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवले. सहा महिन्यांत कमान देणाऱ्या दुकानानंतर हे ऐकताना मला फार आधार वाटला.

वजनाचा विषय या केंद्राने ज्या रीतीने हाताळला, त्यासाठी मी त्यांना सर्वांत जास्त गुण देईन. वजन-उंची पडद्याआड मोजली, आकडा मोठ्याने उच्चारला नाही, तो फक्त फाईलमध्ये लिहिला. बारा आठवड्यांत वर्गामध्ये वजनकाटा आलाच नाही. “जाडी” हा शब्द आणि त्याचे सगळे भाऊबंद वर्गात बंद आहेत, मुलांनी एकमेकांना म्हणायलाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे सुधारित तक्ते दिले. त्यांत जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याशी) जुळवून आखली आहे. त्या तक्त्यावरची तिची जागा दाखवून मॅडमनी आम्हांला बालरोगतज्ज्ञांकडे जाण्याची चिठ्ठी दिली आणि आहाराचा सल्ला त्यांच्याकडूनच घ्यायला सांगितले. स्वतः एकही पदार्थ बंद केला नाही. आमच्या घरी भाकरी, शेंगाचटणी आहे तशीच राहिली. संध्याकाळची बाटलीबंद सरबते आणि फरसाण कमी झाले, तेही डॉक्टरांशी बोलून.

वजन आणि पाय यांचा संबंध त्यांनी मुलीला असा समजावला की तिला त्यात दोष दिसला नाही. धावताना जमिनीकडून पायावर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो. शरीर मोठे असेल तर तोल जाताना ते सावरायला स्नायूंना जास्त जोर आणि जास्त चपळाई लागते. म्हणजे तिचे स्नायू तिच्या वयाच्या सडपातळ मुलीपेक्षा रोज जास्त काम करतात. त्यांना त्या कामाचे शिक्षण मिळालेले नाही, एवढेच. घरी येताना रिक्षात ती मला म्हणाली, “आई, म्हणजे माझे पाय आळशी नाहीत.” तेरा वर्षांच्या मुलीच्या मनात हे किती दिवस साठले होते, याची मला त्या क्षणापर्यंत कल्पना नव्हती.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पन्नास मिनिटांचा असतो. पहिले चार आठवडे जवळजवळ सगळे काम अनवाणी आणि बसून झाले. मुख्य व्यायाम दिसायला काहीच नाही. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर सपाट ठेवायचे. टाच, अंगठ्याचा गोळा आणि करंगळीचा गोळा हे तीन बिंदू जमिनीला चिकटलेले ठेवायचे. आणि बोटे न मुडपता अंगठ्याचा गोळा टाचेकडे ओढायचा, म्हणजे पाऊल आखूड होते आणि मधला भाग वर येतो. पाच सेकंद धरायचे, सोडायचे, दहा वेळा, तीन फेऱ्या. सांगायला दोन ओळी पुरतात, पण मुलीला तो नीट साधायला नऊ दिवस लागले. प्रत्येक वेळी बोटे आत वळत, नखांची टोके पांढरी पडत आणि मॅडम म्हणत, “बोटं झोपू दे, तळवा जागा कर.” दहाव्या दिवशी अंगठ्यामागचा तो लहानसा स्नायू कातडीखाली दोरीसारखा उठून आलेला आम्ही दोघींनी पाहिला. आधी बसून, मग दोन्ही पायांवर उभे राहून, मग एका पायावर, असा तो पुढे सरकत गेला.

याच टप्प्यात टॉवेलचा व्यायाम होता. जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी चुरगाळत आपल्याकडे ओढायचा. सोलापूरच्या घरात टॉवेलला तोटा नाही. मी हौसेने नवा, दाट लुपांचा टर्किश टॉवेल काढून दिला, तो बोटांत मावेना. शेवटी धुवून धुवून विरलेला जुनाच कामी आला. इंटरनेटवर सपाट पायांसाठी हाच व्यायाम सर्वांत जास्त दाखवतात. मॅडमनी मात्र त्याला फक्त अंग मोकळे करण्यापुरते स्थान दिले, कारण त्यात बोटे मुडपणारे पोटरीतले लांब स्नायूच जास्त राबतात आणि तळव्यातले लहान स्नायू, ज्यांना शिकवायचे आहे, ते मागे राहतात. व्यायाम का द्यायचा आणि किती द्यायचा हे सांगू शकणारी व्यक्ती समोर असण्याचा फायदा येथे कळतो.

पाचव्या आठवड्यापासून उभ्याने टाच उचलणे सुरू झाले, पण दोन टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरून. चेंडू पडू द्यायचा नाही म्हटले की टाचा आत वळतात आणि नडगीच्या मागून घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात जाणारा स्नायू कामाला लागतो. कमानीला वरून उचलून धरणारा तोच मुख्य स्नायू, आणि गड्ड्यात मुलीने दाबून धरलेली जागा नेमकी त्याच्या कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची होती. रबरी पट्टीविरुद्ध पाऊल आत ओढणे, कुशीवर झोपून पाय वर उचलणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, हेही होते. खुब्याचे व्यायाम पायासाठी कशाला, असे मला वाटले होते. आरशासमोर एका पायावर किंचित खाली बसताना तिचा गुडघा आत पडतो आणि त्यासरशी पाऊलही आत कलंडते, हे दाखवल्यावर शंका उरली नाही.

तोलाचे काम शेवटच्या पाच आठवड्यांत भरात आले. तोल राखायला शरीर तीन ठिकाणांहून खबर घेते: डोळे, कानाच्या आतली रचना, आणि तळवा, सांधे, स्नायू यांतली जाणीव. सहा मुले फरशीवर, मग आळीपाळीने मऊ फोमवर, एका पायावर उभी राहून एकमेकांकडे चेंडू टाकत. नजर चेंडूकडे गेली की पायाला स्वतःचे स्वतः सावरावे लागते. डोळे मिटून उभे राहण्याच्या वेळी प्रत्येकामागे एक जण हात पुढे करून उभा असे. एका मुलाने या वेळी सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजाची आठवण काढली, आणि ती अगदी योग्य होती. बाराबंदी घातलेले मानकरी एवढी उंच काठी कमरेशी पेलून अनवाणी चालतात, ते यात्रेच्या कित्येक दिवस आधीपासून सराव करतात म्हणूनच. तोल हा अंगभूत गुण आहे, काहींना असतो आणि काहींना नसतो, असे मुले धरून चालतात. सोलापूरच्या मुलांना उलट पटवायला याहून जवळचे उदाहरण नाही.

घरचा अभ्यास रोज बारा मिनिटांचा होता. पोटरी ताणण्यासाठी भिंतीला हात लावून मागचा पाय सरळ ठेवायचा, पण त्या वेळी मागच्या पावलाची बोटे बाहेर वळली तर ताण पोटरीऐवजी कमानीवर येतो. ही एक चूक सुधारायला आम्हांला दोन आठवडे लागले. ताण प्रत्येकी तीस सेकंद, तीन वेळा. दात घासताना एका पायावर उभे राहणे तिने स्वतःहून लावून घेतले. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. त्यासाठी सुरुवातीला चालणे न देता सायकल आणि पोहणे दिले, ज्यांत पायावर पूर्ण भार येत नाही; चालणे सातव्या आठवड्यापासून दहा-दहा मिनिटांनी वाढवले. गणपतीच्या दिवसांत घरचा अभ्यास पाच दिवस बुडाला. त्यावर कोणी रागावले नाही. त्या आठवड्यात नवे काही न देता जुनेच पक्के करून घेतले.

बारा आठवड्यांनंतरचे मोजमाप असे आले. एका पायावर उभे राहणे उजवीकडे पूर्ण ३० सेकंद, जी तपासणीची मर्यादाच आहे, आणि डावीकडे २४. एका पायावर टाच उचलणे उजवीकडे १६, डावीकडे १२. भिंतीपासूनचे अंतर ९ आणि ८ सेंटिमीटर. कार्डावरच्या दोन रेघांमधले अंतर ११ आणि १२ मिलिमीटर, म्हणजे दोन-दोन मिलिमीटरनी कमी. मोजण्यातच एवढा फरक पडू शकतो, असे मॅडमनी आपणहून बजावले. कागदावरचा ठसा होता तसाच आहे. वजनाच्या आकड्यात फारसा बदल नाही, उंची मात्र थोडी वाढली आहे, आणि वाढत्या वयात एवढे झाले तरी बालरोगतज्ज्ञ समाधानी आहेत. दुखण्याचे सांगायचे तर ऑगस्टच्या अखेरीस ती सिद्धेश्वर तलावाभोवती माझ्याबरोबर सव्वा तास चालली आणि घोटा दुखला नाही. त्याच आठवड्यात ती खो-खोच्या तासाला मैदानावर उतरली. त्या दिवशीही ती एकदा पडली, पण उठून पुन्हा धावली, असे तिच्या मैत्रिणीकडून कळले.

उणिवाही लिहायला हव्यात. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. पाय दुखणाऱ्या मुलांसाठी ही सोय नव्हे. पहिल्या आठवड्यात वर चढूनच तिचा पाय दुखू लागे आणि वर्गातला सुरुवातीचा वेळ विश्रांतीत जाई. हॉलच्या रस्त्याकडच्या खिडकीला पडदा नव्हता. मुले एका पायावर डगमगत असताना समोरच्या गॅलरीतून कोणी पाहते, याचा मोठ्या मुलींना संकोच वाटे. दोघी-तिघी पालकांनी सांगितल्यावर चौथ्या आठवड्यात पडदा लागला, पण तो पहिल्या दिवशी असायला हवा होता. फोमच्या गाद्या दोनच असल्याने सहा मुलांतली चार जण थांबून राहतात. घरच्या अभ्यासाचा छापील कागद केवळ इंग्रजीत आहे. तुकडीतल्या दोन मुलांच्या आया तो वाचू शकत नव्हत्या, त्यांना मी मराठीत लिहून दिला. तो मजकूर केंद्राने आता मागून घेतला आहे. वेळ संध्याकाळी पाच ते सहाची एकच, आणि ती शिकवण्यांच्या आड येते.

पहिल्या तपासणीचे सहाशे रुपये आणि बारा आठवड्यांचे नऊ हजार, म्हणजे एका दिवसाला अडीचशे पडतात. ही रक्कम आमच्यासारख्या घराला जड आहे, तरी अंगावर आलेली वाटली नाही. संपूर्ण पैसे आधी भरावे लागतात, हे मला पटले नाही. मी विनंती केल्यावर दोन हप्ते करून मिळाले, ज्यांनी विचारले नाही त्यांना ते ठाऊकही नव्हते. बुटांबाबत त्यांनी कोणत्याही कंपनीचे नाव घेतले नाही. टाचेभोवतीचा भाग दाबल्यावर सहज चेपू नये, बूट बोटांच्या जागी वाकावा पण मधोमध दुमडू नये, लेस किंवा पट्टा असावा, आणि संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना माप द्यावे, एवढेच सांगितले. नवी पेठेत साडेनऊशे रुपयांत तसे बूट मिळाले. इनसोल पुन्हा लागलेच तर मऊ आणि दुखण्यापुरतेच वापरायचे, असे ठरले आहे.

ज्यांच्या मुलांचा पाय सपाट आहे पण दुखत नाही आणि मूल मनसोक्त खेळते, त्यांनी हा खर्च करू नये. त्यांना या केंद्रातूनही परतच पाठवतील. ज्यांचे मूल एकाएकी लंगडू लागले आहे, ज्याचा एकच पाय अलीकडे सपाट झाला आहे, किंवा ज्याला रात्री दुखण्याने जाग येते, त्यांनी आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जी मुले दुखण्यामुळे आणि पडण्याच्या भीतीने मैदानापासून दूर झाली आहेत, त्यांच्या पालकांनी मात्र येथे जरूर चौकशी करावी, जिना चढण्याची तयारी ठेवून. आमच्या मुलीला आता घरचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करायचे आहेत आणि पुढची तपासणी डिसेंबरच्या शेवटी, गड्ड्याच्या आधी आहे. डावा पाय अजून उजव्याच्या मागे आहे. त्या वेळी तो कुठवर आला आहे ते आकड्यांसह येथेच लिहीन.